कमरेवरचा हात

माझ्या आईचे लग्नानंतरचे जेवढे फोटो आमच्याकडे आहेत, त्या सगळ्यांत तिचा उजवा हात कमरेवर आहे. सत्यनारायणाच्या पूजेतला फोटो असो, शालूताईच्या बारशाचा असो, नाहीतर राणीच्या बागेत हत्तीसमोर काढलेला असो. बाकीचे सगळे कॅमेऱ्याकडे बघून दात काढतायत आणि आई मात्र पदर उजव्या खांद्यावरून लपेटून, हात कमरेवर ठेवून, आता कुणाला तरी झापणार अशा थाटात उभी. चाळीतल्या पालव काकी तिला तोंडावर ‘फौजदारीण’ म्हणायच्या. आम्हा दोघी बहिणींना त्या उभं राहण्याचा अभिमान होता. शालूताई तर आरशासमोर तसाच पदर घेऊन उभी राहायची आणि मला दटावायची. आईला लोक जरा वचकून असत आणि ते आमच्या पथ्यावरच पडायचं.

आम्ही घाटकोपरच्या डोंगरावर एका बैठ्या चाळीत राहत होतो. बाहेरची एक खोली, आत स्वयंपाकघर, मागे मोरी. नळ खाली उतारावर, त्यामुळे पाणी भरणं म्हणजे रोजची कुस्ती. डोक्यावरून विमानं इतकी खाली जायची की बोलणाऱ्याने वाक्य अर्ध्यावर थांबवायचं, विमान पलीकडे गेलं की तिथूनच पुढे सुरू करायचं. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना याची गंमत वाटायची. बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांचे वडील कोकणातून येऊन गिरणीत लागले, हे कारखान्यात लागले, पण घरात भाषा मालवणीच राहिली. आम्ही मुली शाळेतलं मराठी बोलायचो, आई-बाबा आपसात मालवणी बोलायचे, आणि भांडण झालं की सगळेच मालवणीवर यायचो, कारण त्या भाषेत भांडायला बरं पडतं.

सकाळी मला जाग यायची ती आईच्या भाकऱ्यांच्या आवाजाने. तांदळाची उकड मळून ती भाकरी परातीत थापायची, आणि तो थप थप आवाज इतका सारखा असायचा की त्यात मी पुन्हा डुलकी काढायची. रविवारी बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिखट दाटसर कालवण, त्यात वासाला तिरफळं. खोबरं-मिरचीचं वाटण ती पाट्यावर वाटायची, आणि वाटताना नेहमी दाराकडे पाठ करून बसायची. कुणी मागून आलं की हात थांबायचा. ‘काय होया?’ असं मान न वळवता विचारायची. आम्हाला वाटायचं, वाटताना कुणी बघितलं तर तिला आवडत नाही. पुष्कळ बायकांच्या असतात तशा खोडी. ब्लाउजच्या बाह्या कोपराखाली येतील एवढ्या लांब, तीही एक खोड. रात्री उजवा हात दुमडून उशाशी घेऊन झोपायची, तीही. खोडींच्या मागे काही असतं, हे वयाच्या पंधराव्या वर्षी कळत नाही. साठी उलटल्यावरही फारसं कळतं असं नाही, पण निदान विचारायची अक्कल येते.

त्या वर्षी मी दहावीत होते आणि शालूताईचं लग्न जमलं होतं. मुलगा मुलुंडचा, ऑफिसात नोकरीला, घरचे सुशिक्षित. पसंती झाली होती, साखरपुड्याचं बोलायला मंडळी पुन्हा येणार होती. घरात आनंद होता आणि आई मात्र वस्तू पाडत होती. आधी कपबशी पडली, मग तेलाची वाटी. शाळेत जाताना माझ्या वेणीच्या रिबिनीचं फूल तीच बांधून द्यायची, ते आता तिला जमेना. सेफ्टी पिन चिमटीत धरली की सुटायची. ‘बोटां आखडली असतीत,’ असं म्हणून ती हात झटकायची. करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला सारख्या मुंग्या येतात, असं तिने एकदा पालव काकींना सांगितलेलं मी ऐकलं होतं. काकींनी सल्ला दिला, गरम पाण्यात मीठ टाकून हात बुडव. मग रोज दुपारी घमेल्यात हात बुडवून ती बसायची. आता माझा नातू तासन् तास कोपर दुमडून, मोबाइल नाकासमोर धरून लोळत असतो आणि म्हणतो, ‘आजी, करंगळी झोपली माझी.’ मी इतक्या जोरात ओरडते की माझी सून घाबरून स्वयंपाकघरातून बाहेर येते. तिला वाटतं, म्हातारीला मोबाइलचा राग आहे.

एका सकाळी थप थप थांबलं आणि मला वास आला. मांस भाजल्याचा वास. मी उठून आत गेले तर आई तव्यावरची भाकरी उलटत होती आणि तिची करंगळी तव्याला टेकलेली होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘उठलंस? तोंड धू.’ करंगळी तशीच तव्यावर. मी किंचाळून तिचा हात ओढला. तिने बोटाकडे पाहिलं. कातडी पांढरी पडून वर आली होती. आई ओरडली नाही, रडली नाही. दुसऱ्याच कुणाचं तरी बोट असावं तशी त्याच्याकडे बघत राहिली. मला त्या भाजण्यापेक्षा तिच्या बघण्याची भीती वाटली.

त्याच संध्याकाळी बाबा तिला नाक्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. परत आल्यावर त्यांनी मला आत पाठवलं. भिंतीला कान लावायचीही गरज नव्हती, मधे फक्त पडदा होता. बाबा शालूताईला सांगत होते. डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली, करंगळीला काहीच कळत नाही. दोन्ही बोटं आत वळायला लागली आहेत. कोपराच्या मागे दाबून पाहिलं तर तिथली नस जाड लागली. अंगावर कुठे बधिर चट्टा आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं, आणि मोठ्या हॉस्पिटलात चामडीच्या विभागात दाखवा, घाबरू नका, असं म्हणाले. ‘घाबरू नका’ म्हटलं की माणूस घाबरतोच. बधिर चट्टा, वाकडी बोटं, जाड नस हे शब्द आम्हाला नवे नव्हते. आमच्या उताराखाली पालिकेच्या दवाखान्याच्या भिंतीवर ते रंगवलेले होते, खाली एका हाताचं चित्र होतं. शाळेत जाताना मी रोज ते वाचायची. त्या रोगाचं नाव बाबांनी घेतलं नाही. गावाकडे त्याला रक्तपिती म्हणायचे, तेही हळू आवाजात.

आज मला कुणी विचारलं तर मी स्पष्ट सांगेन, त्या रोगात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. त्यावर तेव्हाही औषध होतं, गोळ्या होत्या, माणूस बरा व्हायचा. वेगळं बसवायची गरज नव्हती. भिंतीवर तेही लिहिलं होतं. पण ती ओळ आम्ही वाचली नव्हती, नुसता हात पाहिला होता.

दुसऱ्या दिवसापासून आईने स्वतःला घरातून काढायला सुरुवात केली. कुणी काही म्हणायच्या आत. एक ताटली, एक पेला आणि एक वाटी तिने मोरीच्या कठड्यावर वेगळी ठेवली. उकड मळायला मला बसवलं आणि स्वतः लांबून सांगत राहिली, ‘पानी कमी घाल, चिकटतली.’ माझ्या भाकऱ्या नकाशासारख्या व्हायच्या; बाबा मुकाट खायचे, एरवी त्यांनी चेष्टा केल्याशिवाय घास गिळला नसता. आई आमचं झाल्यावर, पाठ करून जेवायची. पण मला सगळ्यात लागलं ते दुसरंच. रविवारी ती आम्हा दोघींच्या डोक्याला तेल लावायची. त्या रविवारी मी केस सोडून तिच्यापुढे जाऊन बसले, तर ती उठून मागे सरकली. ‘शालू लावतली आता,’ म्हणाली. मी मोरीत जाऊन रडले. मला तिचा राग आला होता. रोगाचा नाही, तिचाच.

पालव काकींना संशय आलाच. कठड्यावरची ताटली त्यांनी पाहिली आणि काही विचारलं नाही, त्यावरूनच कळलं. त्यांनी आमच्याकडे चहा घेणं बंद केलं. वाईट नव्हत्या त्या. घाबरल्या होत्या, आमच्यासारख्याच.

मग आईने आपला बेत सांगितला. बाबा पाळीवरून आले होते, जेवून हात धुतले होते.

‘शालूचा लगीन होयसर मी गावाक जातंय,’ ती म्हणाली. ‘कोणी इचारल्यान तर सांगा, आवशीक बरा नाय म्हणान गेली.’

‘आजी आजारी आहे म्हणून? आणि लग्नात?’ शालूताईने विचारलं.

‘लग्नात कित्याक होयी मी? मुलुंडच्यांका जरा जरी कळला तर तुझ्याशी कोण लगीन करतलो? आणि ह्या बेबीशी?’

बेबी म्हणजे मी. मी म्हटलं, ‘मला नाही करायचं लग्न. तू कुठे जाणार नाहीस.’

‘तू गप ऱ्हव गो.’

‘नाही राहणार गप! हॉस्पिटलात कोण गेलंय अजून? त्या नाक्यावरच्या डॉक्टरने बोट दाखवलं आणि तू निघालीस गावाला? वाट लावून ठेवलीस सगळ्या घराची!’

आईशी असं बोलायची आमच्याकडे पद्धत नव्हती. विमान आलं म्हणून बरं, नाहीतर पुढचंही बोलले असते. ते पलीकडे गेल्यावर बाबा म्हणाले, ‘बेबी बरोबर बोलता. आधी मोठ्या डॉक्टराक दाखव, मगे खंय जावचा तां जा.’ त्यांनी भिंतीकडे वळून डोळे पुसले, ते मी पाहिलं.

बाबांना रजा मिळेना. शालूताईला कुणी त्या विभागाबाहेर पाहिलं असतं तर काय, म्हणून ती नको. उरले मी. शाळा बुडवून, पहिल्या बसने आम्ही दोघी निघालो. आईने बसमध्ये खिडकीकडची जागा घेतली आणि आमच्या दोघींच्या मधे पिशवी ठेवली. मी पिशवी उचलून मांडीवर घेतली. तिने ती पुन्हा मधे ठेवली. हॉस्पिटल येईपर्यंत आमचं एवढंच बोलणं झालं.

चामडीच्या विभागाबाहेर लांब लाकडी बाक होते. आमच्या शेजारी एक काका बसले होते, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, पायात कापडी बूट, हाताची बोटं आखूड झालेली. ते रोजचे असावेत. वॉर्डबॉयशी त्यांच्या गप्पा चालल्या होत्या, क्रिकेटच्या. मला जागा करून देताना म्हणाले, ‘बस गं बाळा, वेळ आहे अजून.’ मी बसले, पण अंग चोरून बसले. आईनेही चोरलं. त्यांच्या ते लक्षात आलं आणि ते थोडे पलीकडे सरकले, सवयीनं. त्यांचा नंबर आधी होता. दार अर्धं उघडं होतं. डॉक्टर त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन, उलटसुलट करून, एखाद्या सोनाराने दागिना पाहावा तसा निवांत पाहत होते. आई ते टक लावून बघत होती.

मग आमचा नंबर आला. डॉक्टर पन्नाशीचे, टक्कल पडलेले, बोलायला तिखट. आधी त्यांनी डोळे मिटायला सांगून आईच्या दोन्ही हातापायांना कापसाचा बोळा लावला, कुठे लागतं ते सांगा म्हणाले. मग टाचणी. आत नर्सकडे पाठवून पाठ, खांदे, सगळं अंग पाहून घेतलं; तिथेही आईने उजवा हात दुमडलेलाच ठेवला असणार. कुठेही चट्टा नव्हता. डाव्या हाताला सगळं कळत होतं, पायांना कळत होतं. फक्त उजवी करंगळी, तिच्या शेजारचं अर्धं बोट आणि तळहाताची तेवढीच कड, एवढंच मेलेलं. मग त्यांनी मानेच्या, गुडघ्यामागच्या नसा चाचपल्या, डावं कोपर चाचपलं, आणि भुवया वर केल्या.

‘एकाच हाताला कसं काय?’ ते स्वतःशीच म्हणाले. ‘बाई, उभ्या राहा. दोन्ही हात सरळ खाली सोडा. तळवे माझ्याकडे.’

आईने डावा हात सोडला. उजवा कमरेवर.

‘तोही.’

आई हलली नाही.

‘दुखतोय का?’

‘नाय.’

‘मग सरळ करा की!’

आई माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्या नाक्यावरच्या दवाखान्यातून आली तेव्हाही नाही. ‘ह्या पोरीक भायर पाठवा,’ ती डॉक्टरांना म्हणाली, ‘मगे दाखवतंय.’

‘मी जाणार नाही,’ मी म्हटलं.

‘का? मुलगी आहे ना तुमची?’ डॉक्टर म्हणाले. ‘बाई, मला बाहेर एवढी माणसं बघायची आहेत. हात सरळ करा नाहीतर घरी जा.’

आईने पदर मागे टाकला. बाही वर सरकवली. आणि जन्मात पहिल्यांदा मी माझ्या आईचा उजवा हात सरळ झालेला पाहिला. तो सरळ होतच नव्हता. कोपरापर्यंत अंगाजवळ यायचा आणि तिथून रस्ता चुकल्यासारखा बाहेर वळायचा. कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा एक गोळा. बाजूला तिचा डावा हात, नीट, जसा सगळ्यांचा असतो तसा. आईने मान खाली घातली होती, चोरी पकडल्यासारखी.

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले आणि मोठ्याने हसले. ‘अहो बाई! हे आधी सांगायचं ना! कधी पडला होतात?’

‘ल्हान असताना,’ आई म्हणाली. ‘काजीच्या झाडावरसून.’

मग ते हळूहळू बाहेर आलं. गावातल्या हाड बसवणाऱ्याने बांबूच्या कामट्या लावून हात बांधला. हाड जुळलं नाही, हात वाकडाच वाढला. दुखत नव्हता, काम होत होतं, पण दिसत होता. आईच्या आईने मग तिला एकच शिकवलं, चार माणसांत हात सरळ करायचा नाही. दुमडला की वाकडेपणा दिसत नाही. बाबा तिला बघायला आले तेव्हा तिच्या हातात पोह्यांचं तबक दिलं होतं. तबक धरलेल्या हाताचं कोपर दुमडलेलंच असतं. लग्नात पदराखाली, लग्नानंतर कमरेवर. दाराकडे पाठ, लांब बाह्या, दुमडून घेतलेली झोप. मी तिथे उभी होते आणि आमच्या घरातली एकेक खोड माझ्यासमोर उलगडत होती.

डॉक्टरांनी मला जवळ बोलावलं. मी शिकते आहे म्हटल्यावर त्यांना उत्साह आला असावा. ‘कोपर कुठे आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, माहीत आहे ना? ती ही नस. कोपराच्या आतल्या टोकामागे हाडाला एक खाच असते, तिच्यातून ती खाली येते. हात दुमडला की ताणली जाते. आता तुझ्या आईचा हात बाहेर वळलेला, म्हणजे नसेला आधीच लांबचा वळसा. त्यात बाई दिवसरात्र हात दुमडून. वर्षानुवर्षं त्या हाडावर घासून घासून ती सुजली. जाड लागणारच! करंगळी आणि अर्धं बोट, तिचीच हद्द. म्हणून तेवढंच बधिर.’

‘म्हणजे तो रोग नाही?’ मी विचारलं.

‘नाही. फोटो काढू, हाडाच्या डॉक्टरांना दाखवू, पण नाही.’

‘परत सांगा,’ आई म्हणाली.

‘नाही हो बाई. कोपराचं दुखणं आहे. ऑपरेशन करून नस मागून काढून पुढे आणून ठेवतात, मऊ जागेत. वेळेवर आलात.’

‘हिका सांगा.’

‘तिला सांगितलंच की!’

‘परत सांगा,’ आई म्हणाली आणि तिथल्या स्टुलावर बसली, आणि इतका वेळ न रडलेली माझी आई पदर तोंडात धरून रडली. मी तिला मिठी मारली आणि या वेळी ती मागे सरकली नाही. बाहेर पडलो तेव्हा ते काका अजून बाकावर होते. आईचे डोळे पाहून त्यांना वाटलं, वाईट बातमी आहे. ‘बरं होतं हो ताई,’ ते म्हणाले, ‘गोळ्या नीट घ्या, सगळं बरं होतं.’ आई थांबली. आपल्याला तो रोग नाही, हे ती सांगू शकली असती. तिने दोन्ही हात जोडले आणि त्यांच्या शेजारी थोडा वेळ बसली. या वेळी अंग न चोरता. आमच्या आनंदाची मला त्या बाकापाशी थोडी लाज वाटली होती, हेही खरं.

एक्स-रे काढून, हाडाच्या डॉक्टरांची तारीख घेऊन आम्ही बाहेरच्या उडप्याकडे गेलो. मी डोसा मागवला. आईने स्वतःसाठी काही मागवलं नाही. माझ्या डोश्याचा मोठा तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि माझ्याच ताटलीतून खाल्ला. मग दुसरा. शेवटी मला अर्धासुद्धा मिळाला नाही. इतक्या आनंदात मी कधी उपाशी राहिले नसेन.

बसमध्ये मात्र तिने हात पुन्हा दुमडून पदराखाली घेतला. रोग नव्हता हे ठीक, पण आता बाबांना सांगायला हवं होतं. बाबा आले, आम्ही सगळ्यांनी एकदम सांगायला सुरुवात केली, त्यांनी दोनदा ‘खरां?’ विचारलं आणि देवाला हात जोडले. त्यानंतर आई पुढे झाली. ‘मी तुमका फसवलंय,’ ती म्हणाली, आणि हात सरळ करून दाखवला. ‘माजो हात मुळापासून असो आसा. तुमका सांगूक नाय.’

बाबा उठून जवळ आले. फिटर माणूस, वाकडं काही दिसलं की हात लावून पाहायची सवय. त्यांनी कोपर हातात घेतलं, हाडाच्या गोळ्यावरून अंगठा फिरवला. ‘इतकी वर्सां हात असो दुमडून ऱ्हवलंस?’ ते म्हणाले. ‘दुखाक नाय?’

आईने मान हलवली.

‘आणि मी आपलो समजत होतंय,’ बाबा म्हणाले, ‘ही सदानकदा माझ्यावांगडा भांडूक उभी!’

शालूताई आधी हसली, मग मी, मग आई. बाबाच हसले नाहीत, कारण ते खरंच बोलत होते. त्या रात्री कठड्यावरची ताटली मी घासून मांडणीत लावली.

ऑपरेशनचं इथेच सांगून टाकते. ते नीट झालं. बोटं सरळ व्हायला वेळ लागला, रबरी चेंडू दाबत ती दारात बसायची आणि चाळीतली पोरं चेंडू मागायची. बोटांना पुन्हा कळायला लागलं, पण पुरतं नाही. आज ऐंशी ओलांडलेली आई माझ्याकडे असते, तिच्या करंगळीच्या टोकाला अजूनही काही समजत नाही. ‘येवढां चालता,’ म्हणते. हात वाकडा होता तसाच राहिला. तो सरळ करून घ्यायचा का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. आईने नको म्हणून सांगितलं.

पण ऑपरेशनच्या आधी मुलुंडची मंडळी आली. बाबांचं म्हणणं, आता रोग नाही तर सांगायचं कशाला. ऑपरेशन झाल्यावर म्हणू, पडली. आई ऐकेना. ‘माझ्या आवशीन लपवलेला, त्यापायी बोटां गेली. माझ्या पोरीच्या लग्नात मी लपवचंय नाय.’ शालूताई रडकुंडीला आली होती. सुशिक्षित माणसं असली तरी वाकडा हात म्हटल्यावर काय म्हणतील, घराण्यात आहे म्हणतील, पुढच्या मुलांचं काढतील. पुरुष बाहेरच्या खोलीत बसले, विहीणबाई आत आल्या. गोऱ्या, ठेंगण्या, फार कमी बोलणाऱ्या. पहिल्या भेटीतही त्या नुसत्या मान हलवत होत्या, त्यामुळे आम्हाला त्या करारी वाटल्या होत्या. मी स्टोव्हजवळ चहा करत होते. आई त्यांच्या डाव्या हाताला पाटावर बसली, पदर मागे टाकला आणि बाहेर जाऊ नये अशा हळू आवाजात सगळं सांगितलं. काजूचं झाड, कामट्या, पोह्यांचं तबक, बधिर बोटं, आम्हाला आलेली शंका, त्या शंकेचं नावसुद्धा. तिने तेव्हा ते पहिल्यांदा उच्चारलं. शेवटी हात सरळ करून त्यांच्यापुढे धरला. ‘असां आसा,’ ती म्हणाली. ‘आता तुम्ही ठरवा.’

विहीणबाई त्या हाताकडे बघत होत्या. चहा उतू जायला आला तरी मी हलले नाही. बाहेर शालूताईचा होणारा नवरा कशाला तरी हसला. विहीणबाईंनी आईच्या हातावर आपला हात ठेवला, दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि तिच्याकडे झुकल्या.

‘काहीतरी महत्त्वाचं सांगत होतात, ते कळलं मला,’ त्या म्हणाल्या. ‘आता जरा या बाजूला येऊन बसा आणि पहिल्यापासून सांगा. त्या कानानं मला लहानपणापासून ऐकू येत नाही. आणि हळू. आमच्या ह्यांना अजून माहीत नाही.’